बक्षीस नको, वाचनालय हवं

दीक्षान्त समारंभांचे दिवस आले की वर्तमानपत्रांत एक फोटो हमखास छापून येतो. पदवीचा झगा घातलेल्या हसऱ्या मुली, कुणाच्या गळ्यात दोन तर कुणाच्या गळ्यात चार पदकं, शेजारी कुलगुरू आणि वर मथळा – ‘यंदाही मुलींचीच बाजी’. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनीही अनेक विद्यापीठांच्या समारंभांत बोलताना सुवर्णपदक मिळवणाऱ्यांत मुलींची संख्या मोठी असल्याचं आवर्जून सांगितलं आहे.

मैत्रिणींनो, हा फोटो पाहून आपल्यालाही आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. बाईनं हातात पुस्तक घेतलं तर तिच्या कपाळी वैधव्य येतं, असं सांगणाऱ्या समाजातल्या मुली आज विद्यापीठात पहिल्या येतात. हे आपोआप झालेलं नाही. त्यामागे कितीतरी जणींचं भांडण आहे.

पण याच फोटोचा दुसराही एक उपयोग केला जातो. वस्तीत किंवा गावात बैठक घ्यायला गेलं की कुणीतरी पुरुष उठून म्हणतो, “ताई, आता कुठे राहिलीय विषमता? सगळी पदकं तर मुलीच नेतायत!” बैठकीतल्या बायका गप्प होतात. त्यांच्या घरात काय चाललंय ते त्यांना माहीत असतं, पण गळ्यातल्या पदकापुढे त्याचा पुरावा कसा द्यायचा हे कळत नाही. म्हणजे चार हुशार मुलींचा सन्मान चारशे जणींचं तोंड बंद करायला वापरला जातो. म्हणून या पदकांकडे एकदा नीट बघायला हवं.

या अंकात हा विषय काढायला आणखी एक कारण आहे. आपल्यातल्या ज्येष्ठ कार्यकर्त्या एकेक करून जात आहेत. त्यांच्या मागे काहीतरी राहावं अशी सगळ्यांची इच्छा असते. वर्गणी जमते आणि कुणीतरी सुचवतं, “त्यांच्या नावानं विद्यापीठात एक सुवर्णपदक ठेवू या.” आमच्या गटातही यंदा हा प्रस्ताव आला आणि त्यावर दोन बैठका चालल्या. सुचवणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला पूर्ण आदर आहे. तरीही मी त्या प्रस्तावाच्या विरोधात बोलले. का, ते इथे मांडते.

मान दिला, हक्क दिला नाही

माझं म्हणणं थोडक्यात असं : पदक देणं सोपं असतं, पुढची वाट मोकळी करणं अवघड असतं. आणि बाईच्या बाबतीत आपल्या संस्थांनी सोपं तेवढं केलं आणि अवघड ते टाळलं, याला जुना इतिहास आहे.

कॉर्नेलिया सोराबजींचंच उदाहरण घ्या. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. भोवती सगळे मुलगे. तरीही त्या पदवी परीक्षेत पहिल्या वर्गात आणि कॉलेजात पहिल्या आल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. असा क्रमांक मिळवणाऱ्याला विलायतेत शिकायला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. कॉर्नेलियांचा नंबर लागला तेव्हा मात्र ती शिष्यवृत्ती बाईला देता येत नाही असं ठरलं. पहिला नंबर त्यांचा, पण त्या नंबरासोबत येणारे पैसे त्यांचे नाहीत!

शेवटी इंग्लंडमधल्या काही हितचिंतक बायकांनी वर्गणी जमवली आणि त्या १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली त्यांनी तिथे कायद्याची परीक्षा दिली. पण ऑक्सफर्ड विद्यापीठ त्या काळी बायकांना परीक्षेला बसू देई, पदवी देत नसे. तो नियम १९२० साली बदलला आणि कॉर्नेलियांच्या हाती पदवी पडली १९२२ साली, म्हणजे परीक्षेनंतर तब्बल ३० वर्षांनी. भारतात बाईला वकिली करण्याचा हक्क कायद्यानं मिळाला तो १९२३ साली. हुशारी कधीच सिद्ध झाली होती. अडवून धरला होता तो पैसा, कागद आणि व्यवसायाचा परवाना.

दुसरं उदाहरण कमला सोहोनींचं, माहेरच्या कमला भागवत. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या, तेव्हा गुणवत्ता यादीत त्यांचं नाव सर्वांत वर होतं. त्या बळावर त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी बाई म्हणून नकार दिला. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. थेट बंगलोरला जाऊन त्यांनी गांधींच्या मार्गानं सत्याग्रह करण्याची तयारी दाखवली. मग प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष परीक्षेचं, काम पसंत पडलं तरच पुढे नियमित विद्यार्थिनी. त्यांच्यामुळे मुलग्यांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, हीही एक अट! याच कमलाबाई १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आल्या.

या दोघींच्या गोष्टी आपण शिबिरांत प्रेरणा म्हणून सांगतो. मला त्यातलं दुसरं काही जास्त महत्त्वाचं वाटतं. दोघीही पहिल्या आल्या होत्या आणि पहिलं येऊनही दार बंदच होतं. दार उघडलं ते एकीसाठी इतर बायकांच्या वर्गणीनं आणि दुसरीसाठी तिच्या स्वतःच्या भांडणानं.

पदकाच्या अटी कोण ठरवतं?

विद्यापीठातली बरीचशी पदकं देणगीतून चालतात. कुणी आईच्या, कुणी वडिलांच्या, कुणी पत्नीच्या नावानं ठरावीक रक्कम विद्यापीठाकडे ठेवतं आणि तिच्या व्याजातून दर वर्षी पदक दिलं जातं. सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला, व्याज काही तसं वाढलं नाही. त्यामुळे अनेक ‘सुवर्ण’पदकांवर सोन्याचा नुसता मुलामा असतो. त्याचं मला काही वाटत नाही, सोन्यासाठी कुणी अभ्यास करत नाही. वाटतं ते यादीतली ‘कै. सौ. अमुक’ अशी नावं वाचून. यातल्या कितीजणींना स्वतःला शाळेत जायला मिळालं असेल? जिवंतपणी जिला पाटी मिळाली नाही, तिच्या नावानं मेल्यावर पदक मिळतं. तेही नवऱ्याचं नाव मध्ये लावून.

देणगीबरोबर देणगीदाराच्या अटीही येतात. २०१७ सालची गोष्ट आठवत असेल. पुणे विद्यापीठाच्या एका सुवर्णपदकासाठी विद्यार्थी शाकाहारी आणि निर्व्यसनी असावा अशी अट असल्याचं परिपत्रकातून बाहेर आलं. बराच गदारोळ झाला. अटी देणगीदारांनी घातलेल्या आहेत, असं विद्यापीठानं सांगितलं आणि मग ते पदक थांबवलं. या विद्यापीठाला २०१४ सालापासून सावित्रीबाईंचं नाव आहे. ज्या बाईनं शूद्रातिशूद्रांच्या मुलींना अक्षरं शिकवली, तिच्या नावाच्या विद्यापीठात ताटात काय वाढलं जातं यावर गुणवत्ता ठरणार होती. मटण-मासळी खाणाऱ्या घरातली, म्हणजेच आपल्या बहुजन समाजातली मुलगी अर्ज करण्याआधीच बाद!

ती अट डोळ्यांत खुपणारी होती म्हणून बोंब झाली. साध्यासुध्या दिसणाऱ्या अटींवर मात्र कुणी बोलत नाही. ‘सर्व विषयांत एकाच प्रयत्नात उत्तीर्ण’, ‘अभ्यासक्रमात खंड नसावा’, ‘नियमित विद्यार्थी असावा’ अशा अटी अनेक पदकांना असतात. वाचायला अगदी रास्त वाटतात. पण खंड कोणाच्या शिक्षणात पडतो? सासू आजारी पडली तर कॉलेज कोणाचं सुटतं? बाळंतपण कोणाला येतं?

माझ्या कामात भेटलेली एक मुलगी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला वर्गात सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या ऐन तोंडावर ती बाळंत झाली. राहिलेले पेपर तिनं पुढच्या खेपेला दिले, तान्ह्या बाळाला बहिणीजवळ ठेवून. एकूण गुण तिचेच जास्त. पण प्रयत्न दुसरा, म्हणून पदकाच्या यादीत तिचं नावच नाही. खरं तर त्या वर्षी तिच्याइतकी मेहनत कुणीच केली नसेल.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ साली एम.फिल. आणि पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजेची तरतूद केली. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही असे नियम करा, असं पत्र डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या विद्यापीठांना पाठवलं. रजा मिळाली तरी ‘एकाच प्रयत्नात’ची अट तशीच राहिली तर रजा घेणारी सन्मानातून बाहेरच पडणार. हे दोन नियम शेजारी ठेवून कुणी वाचत नाही.

पदकानंतर काय?

आता फोटोतल्या त्या मुलींकडे परत येऊ. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार देशात उच्च शिक्षण घेणारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत २ कोटी ७ लाख मुली. म्हणजे जवळजवळ निम्म्या. दुसरा आकडा श्रमशक्ती पाहणीचा. २०२३-२४ मध्ये शहरांतल्या १५ वर्षांवरच्या १०० पुरुषांपैकी ७५ हून जास्त जण कामावर होते किंवा काम शोधत होते. बायकांपैकी अवघ्या २८. कॉलेजं शहरांत, नोकऱ्या शहरांत, आणि तिथेच ही दरी. कॉलेजात निम्म्या असलेल्या मुली पुढे जातात कुठे?

लग्नाची स्थळं आणताना छापतात ते माहितीपत्रक पाहा. ‘एम.एस्सी., सुवर्णपदक विजेती, गृहकृत्यदक्ष’. पदक तिथे दागिन्यासारखं मांडलेलं असतं. सून शिकलेली हवी, नातवंडांचा अभ्यास घेणारी हवी, पण सकाळी आठची लोकल पकडणारी नको. वर मुलीनं पदक मिळवलं म्हणजे मुलगा तिच्याहून जास्त शिकलेला पाहायला हवा, त्याचा भाव आणखी चढा. १९६१ च्या कायद्यानं हुंडा बंद केला, पण अशा बैठकींत तो ‘मानपान’ म्हणून येतोच. हुशार मुलीच्या बापाला तिच्या हुशारीचीही किंमत मोजावी लागते.

ज्या हट्टानं पुढे जातात त्यांचं काय होतं? एम.ए., नेट-सेट झालेल्या कितीतरी पदकविजेत्या आज महाराष्ट्रातल्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतायत. जेवढे तास घ्याल तेवढे पैसे. सुट्टीत पगार नाही, बाळंतपणात पगार नाही, पुढच्या वर्षी तास मिळतील याचा भरवसा नाही. कायम जागांची भरती वर्षानुवर्षं रेंगाळलेली. लग्नानंतर गाव बदललं की पुन्हा नव्या कॉलेजात पहिल्यापासून सुरुवात.

आणि ज्या मदतीवर गरीब घरातली मुलगी पुढे जाऊ शकली असती, ती कमी होते आहे. अल्पसंख्याक समाजातल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती बंद करत असल्याचं केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितलं. तिच्यावर अवलंबून असलेल्या मुस्लिम मुलींना आता पदकानंतर काय?

एक चांगली गोष्टही सांगायला हवी. महाराष्ट्र सरकारनं २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि मागास गटांतल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण फी माफ झाली तरी राहायचं कुठे? खाणावळीचे पैसे कोण देणार? मुलींची वसतिगृहं पुरेशी नाहीत आणि बाप तालुक्याबाहेर एकटीला खोली करून द्यायला तयार नाही. मुलींचं शिक्षण अडतं ते नेमकं इथे.

मग पदकं बंद करायची का?

बैठकीत मला हाच प्रश्न विचारला गेला. एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, “तुम्हाला पदकाची किंमत नाही ताई. मला बी.ए.ला पदक मिळालं म्हणून बाबांनी लग्न दोन वर्षं पुढे ढकललं. त्या दोन वर्षांत मी एम.ए. केलं.” तिचं म्हणणं खरं आहे. हेच मी अनेक घरांत पाहिलं आहे. पदक मिळालं की गावात सत्कार होतो, सरपंच शाल देतो, बापाची मान उंच होते आणि त्या भरात मुलगी पुढे शिकण्याची परवानगी काढून घेते. पदकानं तिला मुदत मिळते.

म्हणून पदकं बंद करा असं मी म्हणत नाही. पण मिळालेली मुदत संपली की पुढे काय, याची जबाबदारी कोणीच घेत नाही, ही माझी तक्रार आहे. शिवाय ही मुदत फक्त पहिल्या आलेलीलाच का मिळावी? पंचावन्न टक्के मिळवणारी, सकाळी चार घरची धुणीभांडी करून कॉलेजला जाणारी मुलगी काय कमी लायकीची? शिक्षण हा हक्क असेल तर तो पहिल्या नंबराचं बक्षीस कसा असेल?

आपण काय करू शकतो

१. स्मारक म्हणून पदक ठेवण्याऐवजी तीच रक्कम दर वर्षी एका मुलीच्या खोलीभाड्यासाठी, खाणावळीसाठी, परीक्षेच्या फीसाठी वापरू या. निवडताना फक्त गुण न पाहता घरची परिस्थिती, शिक्षणात पडलेला खंड, डोक्यावरची जबाबदारी पाहू या. विवाहित, परित्यक्ता, मुलं असलेल्या बायकांना, दूरशिक्षणानं शिकणाऱ्यांना आधी जागा असू दे.

२. पदक ठेवायचंच असेल तर त्यासोबत पुढच्या शिक्षणाची किमान एका वर्षाची मदत जोडू या. आणि अटी आपण लिहू या : प्रसूती किंवा आजारपणामुळे पडलेला खंड आड येणार नाही, चारित्र्याचे आणि आहाराचे दाखले मागितले जाणार नाहीत. पदकावर बाईचं स्वतःचं नाव असेल, कुणाची पत्नी म्हणून नाही.

३. आपापल्या जिल्ह्यातल्या विद्यापीठाकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करू या. एकूण पदकं किती, प्रत्येकाच्या अटी काय, ‘एकाच प्रयत्नात’ची अट कितींना आहे आणि प्रसूती रजेचे नियम झाले का? उत्तरं आली की या अंकातून एकत्र छापू.

४. अधिसभेकडे लक्ष देऊ या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे नोंदणीकृत पदवीधरांमधून १० प्रतिनिधी निवडून जातात आणि त्यांतली एक जागा स्त्रीसाठी राखीव आहे. आपल्यातल्या किती पदवीधरांनी नाव नोंदवलंय? ही निवडणूक आपण पक्षांच्या विद्यार्थी संघटनांवर सोडून दिली आहे. पदकांच्या अटी, मुलींची वसतिगृहं, पाळणाघर, तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकांची रजा हे प्रश्न तिथे विचारता येतात.

५. गावात मुलीचा सत्कार होईल तेव्हा शाल-नारळावर थांबायचं नाही. सत्कार करणाऱ्यांना व्यासपीठावरच विचारायचं, “पुढच्या वर्षाचं काय ठरलंय?” सगळ्यांसमोर बापानं दिलेला शब्द मोडायला अवघड जातो. हे मी कामात अनुभवलं आहे.

यातलं एकही काम एकटीनं होणारं नाही आणि एकाही कामाला फार मोठा निधी लागत नाही. आमच्या गटात अजून निर्णय झालेला नाही. पदकाच्या बाजूनं बोलणाऱ्या मैत्रिणींचं म्हणणं आहे की शिष्यवृत्ती कुणाला दिसत नाही, पदकामुळे बाईंचं नाव दर वर्षी भर सभेत उच्चारलं जाईल. हा मुद्दा हलका नाही. आपल्या चळवळीतल्या बायकांची नावं सभेत घेतली जात नाहीत, हे दुखणं खरं आहे. पण ज्या बाईनं आयुष्यभर मुलींना घरातून बाहेर काढलं, तिचं नाव झग्यातल्या फोटोखाली आलेलं बरं, की एखाद्या मुलीनं बाहेरगावी घेतलेल्या खोलीच्या भाडेपावतीवर? मला दुसरं जास्त शोभेसं वाटतं.

सावित्रीबाईंच्या शाळेतल्या एका मुलीची आठवण सांगितली जाते. शाळेची परीक्षा झाली, बक्षीस समारंभ भरला. खेळणी आणि खाऊ वाटायला मोठे पाहुणे आले होते. त्या लहान मुलीची पाळी आली तेव्हा ती पाहुण्यांना म्हणाली की मला खाऊ-खेळणी नको, आमच्या शाळेला वाचनालय द्या. पोरीनं स्वतःपुरतं मागितलं नाही. सगळ्यांना पुढे जाता येईल असं काहीतरी मागितलं.

दीडशेहून जास्त वर्षं झाली. बक्षिसं वाढली, समारंभ वाढले, खेळण्यांच्या जागी पदकं आली. त्या मुलीचं मागणं अजून शिल्लक आहे. तुमच्या गटानं असं एखादं पदक ठेवलं असेल, शिष्यवृत्ती चालवली असेल, तर तिचा अनुभव जरूर लिहून पाठवा. वेगळं मत असेल तर तेही पाठवा. पुढच्या अंकात यावर आणखी बोलू या.